कोथरूड ते बाणेर रोज जायचंय: साधं पेट्रोल इंजिन की टर्बो?

आतेभावाला गाडी घ्यायचीय. घर पुण्यात कोथरूडला, ऑफिस बाणेरला. फोनवर रोज एकच प्रश्न, "दादा, १.२ साधं पेट्रोल की १.० टर्बो?" सीसी, बीएचपी तोंडपाठ. मी म्हटलं, "आधी सांग, इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी, कुठे आहे?"

साध्या इंजिनात तो व्हॉल्व्हच्या मागे असतो. पेट्रोल हवेत मिसळूनच सिलिंडरमध्ये शिरतं, म्हणून काजळी फारशी धरत नाही. हवेची वाट नीट तिरकी केली की आत हवा कोलांट्या घेते, प्लग बरोबर मध्यावर असला की ज्योत कडेपर्यंत झटकन पोचते. मग नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणाऱ्या खटखटीचा, धाक कमी होतो आणि कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) ११-१२:१ पर्यंत चढवता येतं. मायलेज येतं ते तिथून.

जीडीआय टर्बोत पेट्रोल थेट दहनकक्षात फवारलं जातं. बाष्प होताना ते आतली हवा थंड करतं, म्हणून टर्बो जास्तीची हवा दाबून आत कोंबत असूनही कॉम्प्रेशन दहाच्या आसपास टिकतं. चार माणसं नि सामान घेऊन साताऱ्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट चढताना फरक कळतो. पण मिसळायला वेळ मिळतो मिलिसेकंदांचा. पिस्टन गार असला तर थेंब त्यावर बसतात, अर्धवट जळतात आणि काजळी होते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण नियमांमध्ये पेट्रोल गाड्यांपैकी काजळीच्या कणांच्या संख्येची मर्यादा फक्त थेट इंजेक्शनवाल्यांनाच आहे, ती उगाच नाही. पीयूसीच्या चिठ्ठीत हे दिसत नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. आतेभावाच्या रस्त्यावर तर इंजिन धड तापेपर्यंत वाटेतलं पाषाण गाव येतं!

शिवाय व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने धुतली जात नाही, तिथे काळा थर साचतो. ओळखीच्या मेकॅनिकने एकदा बारीक कॅमेरा आत घालून दाखवलं होतं: दूध करपलेल्या पातेल्याचा तळ, हुबेहूब. तो थर काढायला मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्या) उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारावा लागतो.

मायलेजचा छापील आकडा दोघांचाही देखणा असतो, पण तो रस्त्यावरचा नाही, चाचणीत गाडी रोलरवर चालवून काढलेला. टर्बोवर पाय जड पडला की एक्झॉस्ट थंड ठेवायला इंजिन जास्तीचं पेट्रोल ओतू शकतं.

टर्बो म्हणजे थेट इंजेक्शनच, असंही नाही. काही टर्बोंचा इंजेक्टर बाहेरच असतो, त्यांना ही काजळीची तक्रार लागू नाही. ब्रोशरमध्ये जीडीआय किंवा टीएसआय, म्हणजे थेट इंजेक्शन, लिहिलंय का, ते बघायचं.

त्याला मी साधीच सांगितली. दर शनिवारी सासुरवाडीला, साताऱ्याला जाणार असला तर मात्र टर्बो, पण व्हॉल्व्ह सफाईचा खर्च सर्व्हिस सेंटरला आधी विचारून.