मायनर विषय म्हणून रशियन: चार सत्रांनंतरचे मत

इतिहास हा मुख्य विषय घेऊन पदवी करताना मी रशियन भाषा आणि संस्कृती हा मायनर विषय चार सत्रे शिकले. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे.

तेहतीस अक्षरांची लिपी दोन आठवड्यांत हाताखालून जाते. खरी अडचण उच्चाराची आहे, कारण आघात, म्हणजे शब्द उच्चारताना दिला जाणारा जोर, कुठे येणार हे लेखनावरून कळत नाही आणि आघात नसलेला ‘ओ’ बोलताना ‘अ’कडे झुकतो. दुधासाठीच्या शब्दात तीन वेळा ‘ओ’ लिहितात, पण म्हणतात मात्र ‘मलाको’. मराठी कानाला व्याकरण याहून जवळचे वाटते. तिथेही तीन लिंगे आहेत, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक आहे, आणि भूतकाळाचे क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसार बदलते: तो ‘प्रिशोल’, ती ‘प्रिश्ला’, ते ‘प्रिश्लो’. आला, आली, आले म्हणत वाढलेल्या आम्हा मुलांना हा ‘ल’ ऐकून जो आनंद झाला, तो मला अजून आठवतो. शिक्षकांना आडनावाने न हाक मारता नाव आणि वडिलांच्या नावावरून बनलेले नाव एकत्र उच्चारण्याची रीतही, मधले नाव वडिलांचे लावणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही.

सहा विभक्त्या पाठांतराने जमतात. मात्र गतीदर्शक क्रियापदांनी आम्हाला दमवले. आपण ‘मी शाळेत जाते’ एवढ्यावर भागवतो. रशियनमध्ये पायी की वाहनाने, आणि आत्ता एका दिशेने की नेहमी ये-जा, हे पाहून चारपैकी एक क्रियापद निवडावे लागते. या प्रकरणाला अभ्यासक्रमाने अवघे तीन आठवडे दिले आहेत, आणि ते फार अपुरे आहेत. किमान दुप्पट वेळ मिळायला हवा.

संस्कृतीच्या भागाबद्दल माझे मत संमिश्र आहे. सम्राटांच्या वंशावळी आणि चित्रकारांच्या याद्या यांत पुष्कळ तास गेले. त्यात एक तास मात्र अविस्मरणीय ठरला. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतराचा आग्रह धरला, पण अखेरीस घोडा परत मिळाला. त्याच्या प्रवासवृत्तातला हा उतारा आमच्या बाईंनी मूळ भाषेत वाचून दाखवला, आणि वर्गातली जुन्नरची मुलगी ताठ बसून ऐकत होती. असे साहित्य अभ्यासक्रमातच असायला हवे. ते शिक्षकांच्या हौसेवर सोडणे योग्य नाही.

आज मी शब्दकोश जवळ ठेवून साधा लेख वाचू शकते. बोलणे मात्र कच्चे राहिले, कारण संभाषणाला आठवड्यात एकच तास होता. प्रवेश घेणाऱ्यांनी आपल्या विभागात हा तासांचा आकडा आधी विचारावा, आणि तो एकच असेल तर पहिल्या सत्रापासून एखादा सोबती शोधून रोज अर्धा तास रशियनमध्ये बोलायला लागावे.