'ईआर'चे 331 भाग, साडेआठ महिने

आधीच सांगते, खाली बरीच गुपितं फुटली आहेत. कोण मरतं हे आत्ताच कळायला नको असेल तर इथेच थांबा.

शिकागोतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागावरची ही मालिका 1994 ते 2009 चालली. 15 सीझन. रोज एक भाग आणि शनिवार-रविवारी दोन-दोन, असं करत मला साडेआठ महिने लागले. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकली, नाहीतर झोपेचं काही खरं नव्हतं.

बघायला घेतली तेव्हा माझं मत पक्कं होतं, मालिकेने वेळेत गाशा गुंडाळावा. 'ब्रेकिंग बॅड' 62 भागांत आटोपली, 'फॉल्टी टॉवर्स'चे तर जेमतेम 12 भाग, आणि दोन्हींचं नाव अजून निघतं. त्यामुळे पाचव्या सीझनमध्ये मुख्य नटांपैकी जॉर्ज क्लूनी बाहेर पडला तेव्हा म्हटलं, झालं, आता पाणी घालणार.

घातलं नाही. सहाव्या सीझनमधला तो एक भाग. विभागात व्हॅलेंटाइनची पार्टी, मोठ्याने गाणी लावलेली. कार्टर हा तरुण डॉक्टर एका अंधाऱ्या खोलीत शिरतो आणि पाठीत सुरा बसतो. तो कोसळतो. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला पलंगाच्या पलीकडे त्याच्या हाताखाली शिकणारी लुसी दिसते, तीही रक्तात पडलेली. बाहेर गाणी चालूच. त्या रात्री मी माझा नियम मोडला आणि लगेच पुढचा भाग लावला.

आठव्यात तर डॉक्टर ग्रीनच जातो. पहिल्या दृश्यापासून जो मालिकेचा कणा होता, तोच. त्यानंतर आणखी सात सीझन शिल्लक! मी दोन दिवस काही लावलंच नाही, खरं सांगायचं तर थोडा रागच आला होता. पण एक धागा हाताला लागला आणि परत बसले. पहिल्याच भागात विभागप्रमुख ग्रीनला बजावतो की इथलं वातावरण कसं राहील हे तुझ्या वागण्यावर ठरतं. ग्रीन निघताना तीच गोष्ट कार्टरला सांगतो. अकराव्या सीझनच्या शेवटी कार्टर निघतो आणि ती मॉरिसला सांगायला जातो. मॉरिस म्हणजे कामचुकार, गबाळा, बोलघेवडा. त्याला काय सांगितलंय तेच कळत नाही. इतकी वर्षं जपलेलं वाक्य असं पालथ्या घड्यावर पाणी! पुढच्या चार सीझनमध्ये हाच मॉरिस हळूहळू कामाचा डॉक्टर होत जातो, आणि माझं सगळ्यात आवडतं पात्र शेवटी तोच ठरला. आठव्यालाच पडदा पडला असता तर मला मॉरिस भेटलाच नसता.

आता तक्रारी. डॉक्टर रोमानो. नवव्या सीझनमध्ये हेलिकॉप्टरच्या पात्याने त्याचा हात तुटतो. ठीक. दहाव्यात हेलिकॉप्टरला घाबरून तो गच्चीवरून खाली येतो, बाहेर जातो, आणि त्याच्या अंगावर वरून हेलिकॉप्टर पडतं! मला हसू आवरेना. पात्र काढायचं होतं हे समजतं, पण तेच यंत्र दुसऱ्यांदा? लेखकांच्या टेबलावर त्या दिवशी चहासुद्धा संपला असावा. डॉक्टर मदतकार्यासाठी आफ्रिकेत जातात ते काँगोतले भाग काहींना फार आवडतात. मला त्या गजबजलेल्या विभागाची, ढकलत आणलेल्या स्ट्रेचरची आठवण येत राहिली. बारावा-तेरावा सीझन मी बराचसा फोन हातात घेऊन पाहिला. कोणाचं कोणाशी जुळलं आणि कोणाचं तुटलं, एवढंच चाललेलं असतं.

तर संपवावी की चालू ठेवावी? मालिका माणसाची आहे की जागेची, हे मी आता आधी बघते. 'ब्रेकिंग बॅड' एका माणसाची होती, तो संपला की ती संपणारच. इथे मालक तो विभाग आहे, माणसं बदलली तरी दार उघडंच. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेवाल्यांनी तर 1966 मध्ये मुख्य नटाची तब्येत साथ देईना तेव्हा चेहरा बदलणं हाच त्या पात्राचा गुण करून टाकला. अडचणीतून निघालेली युक्ती, पण तिच्यावर ती मालिका 1989 पर्यंत चालली आणि 2005 मध्ये परत उभीही राहिली. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या 'मॅश'चं मात्र उलटं. कोरियातलं युद्ध तीन वर्षांचं, मालिका 11 सीझनची. कधीतरी युद्ध संपवायलाच हवं होतं, 1983 मध्ये त्यांनी ते संपवलं.

पाचपैकी साडेतीन. वेळ कमी असेल तर आठ सीझन सलग बघा, अकराव्याचा शेवट बघा आणि मग थेट पंधरावा. शेवटच्या भागात ग्रीनची मुलगी त्याच विभागात येते, डॉक्टर व्हायचंय म्हणून. आणि त्या भागाच्या सुरुवातीला लिडिया नावाची नर्स झोपलेल्या मॉरिसला उठवते. ते पाहून मी पहिला भाग परत लावला, दोनच मिनिटं. तिथे ग्रीन झोपलाय, आणि त्याला उठवणारी नर्स तीच आहे.