हॅरिसमधला मुक्काम: घराला पाच स्टार, एजंटाला शून्य

आधी तक्रार. बडोद्याच्या ज्या एजंटाकडून आम्ही स्कॉटलंडची सहल बांधून घेतली, त्याच्या कागदावर छापलं होतं: 'शनिवार: लुईस बेट. रविवार: हॅरिस बेट, शॉपिंग.' आता लुईस आणि हॅरिस ही मुळात दोन बेटं नाहीतच. एकाच जमिनीची दोन नावं, मध्ये समुद्र नाही, डोंगर आहेत. आणि तिथे रविवारी शॉपिंग म्हणजे आळंदीत मटणाची खानावळ शोधण्यासारखं! आमच्या आसपासची दुकानं बंद, पेट्रोल पंप बंद. दुपारी आम्ही गाडीत बसून घरून नेलेले मेथीचे थेपले खाल्ले. (चाळीस वर्षं बडोद्यात काढल्यावर प्रवासाला दुसरं काय नेणार?)

एजंटाने एकच काम धड केलं, हॅरिसमधलं हे मुक्कामाचं घर शोधलं. नाव देत नाही, तीनच खोल्या आहेत, आधीच मिळत नाहीत. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या उलापूल बंदरातून बोटीने पावणेतीन तासांत लुईसमधलं स्टॉर्नोवे, तिथून लेकीने गाडी चालवत तासाभरात हॅरिसमधलं टार्बर्ट गाव, मग आणखी थोडं पुढे. रस्ता एका गाडीपुरता, समोरून कोणी आलं की बाजूच्या खाचेत थांबायचं आणि हात करायचा. मेंढ्या मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

रविवारी सकाळी ऊन पडलं. तिथे ऊन पडणं ही बातमीच. मी मोजे आणि यांचे दोन बनियन धुऊन मागच्या अंगणातल्या दोरीपाशी गेले. पहिला चिमटा लावते तोच मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "आत स्टँड आहे, तिथे घाला ना, लवकर वाळतील." वारा असा की बनियन दहा मिनिटांत कडक व्हावा, आणि ही बाई आत घाला म्हणते! लेकीने नंतर हळूच सांगितलं, रविवार विश्रांतीचा, जुनी माणसं त्या दिवशी कपडे वाळत घालत नाहीत, आणि शेजारणीच्या खिडकीतून दोरी दिसते. शनिवारी घरात तेल येऊ न देणाऱ्या माझ्या आजेसासूबाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. बनियन मुकाट्याने आत गेले. स्टॉर्नोवेहून उलापूलची रविवारची बोट 2009 साली सुरू झाली, तीही वादावादीनंतर, म्हणजे बघा.

दुकानं बंद म्हणून चर्चमध्ये गेलो, आणि सगळ्या सहलीत तेच माझ्या जास्त लक्षात राहिलंय. पेटी नाही, ऑर्गन नाही. एक गृहस्थ गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, ओळ सुरू करतात आणि मागून सगळे ती उचलतात, पण एका सुरात नाही. प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत, आपापल्या वेगाने. लाट फुटून परत जाते तसं ते वर चढतं आणि उतरतं. आमच्या गल्लीतल्या भजनात बुवांच्या मागे चाळीसजण ओढतात त्याची आठवण झाली. फक्त इथे टाळ नव्हते.

भाषेची आणखी एक गंमत. मालकीणबाई सासूशी बोलताना सारखं 'शिव, शिव' म्हणत. मला वाटलं काही सांडलं की काय! विचारलं तेव्हा कळलं, गेलिकमध्ये 'शिव' म्हणजे आदराचं 'तुम्ही'. कुत्र्याला 'तू'. आभार मानतानाही मोठ्यांना 'तापा लेइव', बरोबरीच्याला 'तापा लात'. तीनला 'त्री' म्हणतात, आईला 'माहिर'सारखं काहीतरी. नातवंडं आजीला उत्तर देतात ते इंग्रजीत. आमची देतात गुजरातीत.

सोमवारी ट्वीड, म्हणजे इथलं लोकरीचं कापड. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक विणकर पायाने माग चालवत होता. शिवणयंत्रासारखं पायडल, पण आवाज मालगाडीचा. 1993 च्या कायद्याने हॅरिस ट्वीड तेच, जे आउटर हेब्रिडीज या इथल्या बेटांच्या समूहातल्या माणसाने स्वतःच्या घरी हाताने विणलंय. लोकर रंगवायची, कातायची आणि कापडाचं शेवटचं काम करायचं तेही बेटांवरच. गोळ्यावर क्रॉस असा छाप तपासणीनंतरच बसतो. लांबून तपकिरी दिसणारं कापड डोळ्यांजवळ धरलं तर आत जांभळा, पिवळा, शेवाळी धागा. मी पैठणीचा पदर उलटून बघणारी बाई, हेही उलटून बघितलं. खोट नव्हती. यांच्यासाठी एक टोपी घेतली.

लस्केंटायरच्या किनाऱ्याबद्दल सगळेच लिहितात. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, समोर तरान्सेचं बेट. खरं आहे. पाण्यात पाय घातला आणि लगेच काढला. वाळूलगतच गावाचं कब्रस्तान आहे, तिथे मोठ्याने फोटो काढू नका.

खाणं: मी शाकाहारी, तरी उपाशी राहिले नाही. मसूराचं सूप, ओटची बिस्किटं, रोज लापशी. यांनी स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग मिटक्या मारत खाल्लं. ते रक्ताचं असतं हे मी त्यांना ग्लासगोला परतल्यावर सांगितलं.

खोली उबदार, गादी चांगली, गरम पाण्याला जोर कमी. जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, पडदे मात्र जाड आहेत, ओढून घ्या. आणि गाडीची टाकी शनिवारीच भरा.