गॅरेजमधला सेन्सरचा दिवा : दिवाळी ते आषाढ, नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही गॅरेजमध्ये सेन्सरचा, म्हणजे माणूस आला की आपोआप लागणारा, दिवा बसवला. आता आषाढ लागलाय. बसवल्यावर आठ दिवसांनी लिहायला बसले असते तर "डोळे मिटून घ्या" असंच लिहिलं असतं, आणि नागपूरकरांसाठी तो सल्ला चुकीचा ठरला असता. म्हणून मुद्दाम उन्हाळा जाऊ दिला.

आधी जागा सांगते, कारण सगळं जागेवर अवलंबून आहे. घर नागपूरच्या बेसा भागात. गॅरेज दहा बाय अठराचं, रस्त्याकडे लोखंडी शटर, मागच्या बाजूला स्वयंपाकघरात उघडणारं लाकडी दार. वर स्लॅब, एक भिंत पश्चिमेची. आत एक चारचाकी, माझी स्कूटर, दोन सिलिंडर, टाकीत पाणी चढवायची मोटर आणि दिवाळीपासून होळीपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कूलर. ट्यूबलाइटचं बटण शटरपाशी आणि मोटरचा बोर्ड मध्यावर. म्हणजे स्वयंपाकघरातून येणाऱ्याने अंधारात अख्खं गॅरेज ओलांडायचं, तेव्हा कुठे दिवा लागणार. घर बांधताना हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

माझे सासरे, बाबा, ७४ वर्षांचे आहेत. पहाटे पाचला नळ येतो, तेव्हा मोटर तेच लावतात. सप्टेंबरमध्ये माझ्या स्कूटरच्या साइड स्टँडला त्यांचा पाय अडकला. कोपर सोललं, मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. हाड मोडलं नाही, पण स्कूटर मी लावलेली होती, त्यामुळे ते मनातून जाईना. दारापाशी दुसरं बटण घेऊन टू-वे करायचं तर भिंत फोडावी लागली असती. तेव्हा सेन्सर घ्यायचं ठरलं.

बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, भिंतीवर लावायचा पीआयआर (अंगाची उष्णता टिपणारा) सेन्सर आणला, साडेचारशे रुपयांना. सोबत २० वॅटचा एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांब दिवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "१२ मीटर, १८० अंश" आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात "२४ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात". ती बारीक ओळ मी तेव्हा वाचली नाही. मे महिन्यात वाचली.

बसवायला आमचे नेहमीचे वायरमन भाऊ आले. काम तासाभराचं, पण एका गोष्टीने दोन तास खाल्ले. आपल्या घरांत लाल वायर म्हणजे फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. सेन्सरमधून मात्र तीन वायरी निघाल्या त्या तपकिरी, निळी आणि लाल. भाऊंनी सवयीने लालला लाल जोडली. दिवा लागेना. टेस्टर फिरवून झाला, बॅटन बदलून झाला. "ताई, पीसच खराब दिसते. बदलून आणा," म्हणाले. तोवर मी खोक्यातला कागद उलगडून आकृती पाहिली. या सेन्सरमध्ये फेज तपकिरीला द्यायची होती, निळी न्यूट्रल, आणि लाल वायर ही सेन्सरमधून दिव्याकडे जाणारी. उलट जोडणीत सेन्सरला स्वतःलाच वीज मिळत नव्हती. बदलून जोडल्यावर अर्धा मिनिट दिवा आपोआप जळला (सुरुवातीला तो असा जळतोच), विझला, आणि मी हात हलवल्याबरोबर आतल्या रिलेचा (दिवा चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचा) "टक" आवाज होऊन पुन्हा लागला. प्रत्येक कंपनीचे रंग सारखे असतीलच असं नाही. कागद वाचल्याशिवाय वायर जोडू देऊ नका.

भाऊंनी स्वतःहून एक काम केलं, त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी फ्रीजचा बोर्ड आहे, तिथून पट्टीतून वायर काढून त्यांनी सेन्सरला समांतर एक साधा स्विच दिला. "सेन्सर मेला तरी दिवा लागला पाहिजे न ताई." तो दाबला की सेन्सर काहीही म्हणो, दिवा लागतो. खर्च वायरीसकट दोनशेच्या आत. तुम्ही कोणताही सेन्सर घ्या, पण हा बायपास स्विच टाकल्याशिवाय वायरमनला घरी जाऊ देऊ नका.

सेन्सरच्या पोटाखाली तीन छोटे नॉब होते. एक वेळेचा, माणूस दिसेनासा झाल्यावर दिवा किती वेळ जळायचा तो. आमच्यात १० सेकंदांपासून ७ मिनिटांपर्यंत. दुसरा लक्सचा, म्हणजे किती अंधार झाल्यावर काम सुरू करायचं. तिसरा संवेदनशीलतेचा. वेळ आम्ही आधी एक मिनिट ठेवली होती. पण बाबा मोटर लावून स्टुलावर बसतात, पाणी चढल्याचा आवाज येईपर्यंत हलत नाहीत. एक मिनिटात दिवा विझायचा आणि त्यांना अंधारात हात हलवत बसावं लागायचं. ते बरं वाटेना. चार मिनिटांवर नेला आणि प्रश्न मिटला. घरातला सगळ्यात कमी हलणारा माणूस कोण, त्याच्या हिशोबाने हा नॉब लावावा.

हिवाळ्यात सेन्सर इतका तिखट चालला की कौतुक वाटायचं. या शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता. दरवर्षी तसं होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथे चांगल्याच बोचतात. पीआयआर सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही. अंगातून निघणारी उष्णता, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण, तो टिपतो, आणि मागच्या भिंतीपेक्षा वेगळी उष्णता त्याच्यासमोरून सरकली की त्याला कळतं. थंड भिंत, गरम माणूस, फरक मोठा. त्यामुळे शटर अर्धं उघडं असलं की गल्लीतून जाणारा कुत्राही त्याला दिसायचा. लेन्सच्या रस्त्याकडच्या भागावर आतून चिकटपट्टीचा तुकडा लावला, तेव्हा ते थांबलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. सेन्सरला आडवं चालणारं माणूस लगेच दिसतं. सरळ त्याच्या दिशेने चालत गेलं तर उशिरा. आणि काचेतून त्याला काहीच दिसत नाही. गाडीत काचा वर करून बसलात, डॅशबोर्डमधला कागद शोधत असलात, तरी त्याच्या लेखी गॅरेज रिकामं. दार उघडून पाय बाहेर टाकला की दिवा लागतो.

आता मे महिना.

होळीला कूलर बाहेर काढले होते, नवीन वाळा भरला, गॅरेज मोकळं झालं. माझी ड्यूटी रात्री साडेदहाला सुटते. मी स्कूटर आत घ्यायची आणि दिवा लगेच लागायचा. माझ्या हिशोबाने सगळं उत्तम चाललं होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आठवडाभर आधी पहाटे पाणी प्यायला उठले, तर बाबा टॉर्च घेऊन गॅरेजकडे निघालेले. "बाबा, टॉर्च कशाला?" तर म्हणाले, "अगं बेटा, तो दिवा आजकाल मला ओळखत नाही. पार मोटरपाशी गेलो की मग लागते. तू थकून येतेस, म्हणून नाही सांगितलं." बायपास स्विच त्यांच्या उजव्या हाताला होता, पण सात महिने वापरायची वेळच न आल्याने तो आहे हेच ते विसरून गेले होते. ज्यांच्यासाठी दिवा लावला त्यांच्यासाठीच तो लागत नव्हता, आणि मला कळलंही नव्हतं. फार वाईट वाटलं.

त्या दिवशी खोक्यावरची २४ अंशांची ओळ वाचली आणि सगळा उलगडा झाला. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. इतकं नाही तरी पंचेचाळीस आपल्याला नवं नाही. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्रभर उष्णता सोडतात. मी खोलीतला थर्मामीटर गॅरेजमध्ये टांगला. रात्री अकराला ३७, पहाटे पाचला ३४. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३३-३४ असतं. म्हणजे सेन्सरच्या नजरेत बाबा आणि मागची भिंत एकच. माझ्यासाठी लागायचा तो माझ्यामुळे नाही, स्कूटरच्या तापलेल्या इंजिनमुळे.

खात्री करायला लक्सचा नॉब फिरवून भर दुपारी शटर बंद करून पाहिलं. आत ४२ अंश होते आणि सेन्सर व्यवस्थित लागत होता. कारण तेव्हा माणूस भिंतीपेक्षा थंड असतो, आणि सेन्सरला फक्त फरक लागतो, गरम की थंड याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुपारी चालतो, हिवाळ्यात चालतो, आणि मेच्या रात्री-पहाटे, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, आंधळा होतो. पुण्याच्या कोणी "माझा बारा महिने उत्तम चालतो" असं सांगितलं तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांची मेची पहाट आपल्यापेक्षा थंड असते.

मग सहाशे रुपयांचा मायक्रोवेव्ह सेन्सर आणला. दुकानात याला रडार सेन्सरही म्हणतात. हा ५.८ गिगाहर्ट्झच्या लाटा सोडतो आणि हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लाटेतला बदल ओळखतो. उष्णतेशी संबंध नाही. बाबांना लाटांची काळजी वाटली. कागदावर ताकद १० मिलिवॅटपेक्षा कमी दिली आहे, वायफायच्या राउटरपेक्षा बरीच कमी, ते दाखवल्यावर निवांत झाले.

पण याचीही खोड आहे. लाकडी दारातून या लाटा पार जातात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असले की गॅरेजमध्ये दिवा लागलेला. मेमध्ये संध्याकाळी वावटळ उठली आणि शटर थडथडायला लागलं की ते हलणंही त्याला माणूसच वाटायचं. आठ दिवस हीच खटपट चालली होती. शेवटी वायरमन भाऊंनी तो दाराच्याच भिंतीवर, दारापासून दूरच्या कोपऱ्यात, मोटरकडे तोंड करून लावला आणि संवेदनशीलता निम्म्यावर आणली. स्वयंपाकघर त्याच्या पाठीमागे गेलं, शटर त्याच्या पल्ल्याबाहेर राहिलं. जुना पीआयआर काढून टाकला नाही. तो दाराच्या चौकटीजवळ आणला, जिथे माणूस दीड-दोन मीटरवरून आडवं जातं. इतक्या जवळून तो मेच्या पहाटेही बहुतेक वेळा ओळखतो. दोन्हींना एकच फेज, एकच न्यूट्रल, आणि दोन्हींच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरी एकत्र करून बॅटनला. कोणत्याही एकाला हालचाल कळली की दिवा लागतो. त्यानंतर उरलेला मे आणि पूर्ण जून बाबांना एकदाही अंधारात जावं लागलं नाही.

पावसाळ्यात पीआयआर पुन्हा ताजातवाना झालाय. किडे बॅटनकडे येतात, पण दिवा चार मिनिटांत विझत असल्याने पूर्वीसारखा सकाळी फरशीवर सडा पडत नाही. लेन्सवर कोळ्याने जाळं केलं होतं, तेव्हा एक रात्र दिवा सारखा लागत-विझत होता. उन्हाळ्यात धूळही फार बसते, दर महिन्याला कोरड्या फडक्याने पुसते. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या पहाटे मोटरच्या बोर्डाखाली विंचू होता. बाबांनी दार उघडलं, दिवा लागला, ते उंबऱ्यावरच थांबले आणि मला हाक मारली.

वीजबिलासाठी हे करत असाल तर हिशोब ऐका. २० वॅटचा बॅटन रोज ११ तास जळला तर महिन्याला साडेसहा युनिट. आता दिवा रोज जेमतेम तासभर जळतो, त्यात दोन सेन्सर स्वतः खातात ते धरून महिन्याला दीडेक युनिट. पाच युनिट वाचले, बस.

सगळा खर्च बॅटन, दोन सेन्सर, वायर आणि दोनदा मजुरी धरून अडीच हजारांच्या आसपास गेला. सुरुवातीपासून कळलं असतं तर पहिलाच रडारवाला घेतला असता आणि पीआयआर फक्त दारापाशी. श्रावणात भाऊंना पुन्हा बोलावलंय, जिन्याखाली पूजेची भांडी ठेवतो तिथे अंधार असतो म्हणून. तिथे मागे विटांची भिंत आहे, शटर नाही की लाकडी दार नाही, त्यामुळे एकच रडार सेन्सर पुरेल असं ते म्हणतात. बायपास स्विच तिथेही टाकायला सांगितलाय, आणि या वेळी तो बाबांकडून महिन्यातून एकदा दाबून घेणार आहे.