अलामोच्या नावाने विकला गेलेला बोवी सुरा

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या आणि जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्या मराठी मंडळींनी सावध राहावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझी फसवणूक झाली ती खोट्या इतिहासामुळे नव्हे. विक्रेत्याने सांगितलेला इतिहास बहुतांशी खरा होता आणि त्या खरेपणाच्या आडूनच त्याने बनावट सुरा माझ्या गळ्यात मारला.

शस्त्रांच्या एका प्रदर्शनात त्याने मला मोठ्या पात्याचा, पितळी परज असलेला आणि टोकाकडे पाठीला अर्धचंद्राकार खाच असलेला सुरा दाखवला. टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धात मेक्सिकोच्या सैन्याने अलामो या ठाण्याला वेढा घातला होता; मार्च १८३६ मध्ये त्या वेढ्यात हा सुरा एका स्वयंसेवकाच्या कमरेला होता, असे त्याचे म्हणणे होते. हा सुरा ज्या झुंजीने गाजला, ती १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या, नॅचेझ शहरासमोरच्या वाळूच्या पट्ट्यावर झालेली झुंज त्याने बारकाव्यांसह सांगितली. द्वंद्वासाठी आलेल्या दोघांचे नेम चुकले आणि त्यांनी हस्तांदोलन केले. मग त्यांच्या साथीदारांतच हाणामारी जुंपली. त्यांतला जिम बोवी म्हणजे ज्याच्या नावाने हा सुरा ओळखला जातो आणि जो पुढे अलामोतच मारला गेला, तो. गोळ्या आणि गुप्तीचे वार अंगावर झेललेल्या या बोवीने आपल्या मोठ्या सुऱ्याने विरुद्ध गटातल्या नॉरिस राईटला ठार केले. ही बातमी वर्तमानपत्रांतून पसरली आणि सरहद्दीवरच्या मुलखात तसा सुरा बाळगण्याची लाट आली. त्या काळची पिस्तुले एकाच बाराची असत आणि ऐनवेळी दगा देत, त्यामुळे या लाटेमागे निव्वळ हौस नव्हती. यातले काहीही चुकीचे नाही.

मात्र काही गोष्टी त्याने सोयीस्करपणे वगळल्या. जिमचा थोरला भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रात मूळ सुऱ्याचे वर्णन केले आहे: पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि वक्र नसलेले; म्हणजे शिकारीचा साधा सुरा. आज ज्या घाटाला सगळे ओळखतात तो नंतर रुळला, आणि त्यातला फार मोठा माल इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखान्यांनी अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी घडवून पाठवला. जॉर्ज वोस्टेनहोमसारखे कारखानदार तर त्यासाठी स्वतः अमेरिकेच्या वाऱ्या करत. शिवाय ६ मार्च १८३६ रोजी अलामो पडल्यावर लढवय्यांचे मृतदेह मेक्सिकन सेनापती सांता आन्ना याच्या हुकुमाने जाळण्यात आले आणि त्यांची शस्त्रे शत्रूच्या हाती गेली. खुद्द बोवीच्या सुऱ्याचा ठावठिकाणा लागलेला नाही. पुराव्यातली ही पोकळीच बनावट माल विकणाऱ्यांचे भांडवल आहे.

एका अनुभवी संग्राहकांनी सुरा हातात घेतला आणि पात्यावरच्या शिक्क्यावर बोट ठेवले. शेफील्डच्या नावाशेजारी मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना ‘व्ही’ व ‘आर’ ही अक्षरे होती. ही राणी व्हिक्टोरियाची मुद्रा. ती गादीवर आली २० जून १८३७ रोजी, अलामो पडल्यानंतर सव्वा वर्षाहून अधिक काळाने. एवढ्या एका गोष्टीने विक्रेत्याची सगळी कहाणी कोसळली. पुढे त्यांनी भिंगातून आणखी एक खूण दाखवली. खऱ्या जुन्या पात्यावर शिक्का आधी उमटवलेला असतो आणि गंज नंतर चढतो, म्हणून गंजाचे खड्डे अक्षरांनाही कुरतडतात. माझ्या सुऱ्यावर मात्र खड्ड्यांवरून शिक्का मारलेला होता आणि अक्षरांच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या. आम्लाने कृत्रिमरीत्या जुने केलेले ते अलीकडचे पाते होते.

मी पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने शांतपणे पावती पुढे केली. तिच्यावर फक्त ‘जुन्या घाटाचा सुरा, आहे त्या स्थितीत’ एवढेच लिहिलेले होते. अलामो, १८३६, स्वयंसेवक हे सारे तोंडी होते, आणि सोबत दिलेल्या जीर्ण दिसणाऱ्या कौटुंबिक पत्रावर ना पूर्ण नाव होते ना पत्ता. गेलेली रक्कम मोठी होती. तरीही मला अधिक संताप येतो तो या गोष्टीचा, की ज्यांच्या मरणाची कहाणी तो सांगत होता त्या माणसांच्या नावावर हा धंदा चालतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी निर्मितीचा काळ, कारखाना आणि मालकीची परंपरा पावतीवर लिहून मागावी, आणि दावा खोटा ठरल्यास परतफेडीची अटही त्यातच घालून घ्यावी. पात्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर सुरा १८९० च्या, आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे करणाऱ्या अमेरिकी जकात कायद्यानंतरचा असण्याची शक्यता तपासावी. केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण काही कारखाने हा शब्द आधीपासूनही घालत. गंजरोधक पोलादाचा उल्लेख असेल तर मात्र शंकेला जागाच नाही, कारण शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद तयार केले १९१३ मध्ये. माझ्या तक्रारीसोबत मी शिक्क्याची मोठी छायाचित्रे जोडली आहेत. टेक्सासमधल्या कोणा मराठी संग्राहकाला असाच मुकुटाचा शिक्का असलेला ‘अलामोचा’ सुरा कोणी दाखवला, तर त्याने खरेदी थांबवून आधी शिक्क्याचे छायाचित्र घ्यावे.