ड्राइव्ह लेटर पक्कं कसं करायचं: डिस्क मॅनेजमेंट, डिस्कपार्ट, फोल्डर माउंट की सबस्ट?

बॅकअपची डिस्क काल ई होती, आज एफ झाली, आणि रोज रात्री चालणारी बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी फाइल) पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, सापडत नाही म्हणून अडकली. विंडोज 10 आणि 11 मध्ये यावर चार-पाच उपाय आहेत. त्यातला कोणता घ्यायचा ते ठरवण्याआधी अक्षर मुळात बदलतं कशामुळे ते बघू, निम्मा निर्णय तिथेच होतो.

कोणत्या व्हॉल्यूमला (म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र अक्षर मिळणाऱ्या भागाला) कोणतं अक्षर दिलं याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंगच्या नोंदवहीत, ‘माउंटेड डिव्हायसेस’ या की-मध्ये ठेवतं. तिथे एका अक्षरासमोर एकच नोंद मावते. तुमची डिस्क काढलेली असताना कुणी पेनड्राइव्ह लावला, तर विंडोज सुरुवातीचं पहिलं मोकळं अक्षर त्याला देतं. ते ई असलं तर डिस्कची नोंद जाऊन पेनड्राइव्हची बसते. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी सोय इथे नाही.

म्हणून साधन कोणतंही वापरा, अक्षर मागचं निवडा. ई, एफ, जी ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची अक्षरं. झेडच्या बाजूलाही जाऊ नका, कारण नेटवर्क ड्राइव्ह जोडताना विंडोज तिकडून उलटं सुचवत येतं. मधला पी ते टी हा पट्टा निवांत असतो. ए आणि बी फ्लॉपीच्या काळापासून बाजूला ठेवलेली आहेत. विंडोज ती आपणहून हार्ड डिस्कला देत नाही, हाताने देता येतात. बॅकअपला बी लक्षात राहायला छान, पण काही जुने प्रोग्राम बी म्हणजे फ्लॉपीच धरून चालतात.

डिस्क मॅनेजमेंट की डिस्कपार्ट?

घरच्या पीसीवर एक-दोन डिस्कचा प्रश्न असेल तर डिस्क मॅनेजमेंटच घ्या. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा, व्हॉल्यूमवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’, आणि यादीतून पी. यादीत फक्त मोकळी अक्षरं दिसतात. त्यामुळे डी आणि ई यांची अदलाबदल एका फटक्यात होत नाही: आधी डीला टी द्या, मग ईला डी, शेवटी टीला ई. डीव्हीडी ड्राइव्ह डी अडवून बसला असेल तर त्यालाही हाच न्याय. त्या व्हॉल्यूमवरची एखादी फाइल उघडी असेल तर विंडोज सांगतं की रीस्टार्ट होईपर्यंत जुनं अक्षरही चालेल. घाबरू नका, पण रीस्टार्ट टाळूही नका.

डिस्कपार्ट तेच काम कमांडने करतं, आणि त्याचा खरा उपयोग दहा-वीस मशिनवर तीच स्क्रिप्ट चालवायची असेल तेव्हा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून त्यात ‘डिस्कपार्ट’ टाका. ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिलं की क्रमांक, अक्षर, लेबल, फाइल सिस्टिम, साइज असे रकाने येतात. 1 टीबीची डिस्क तिथे 931 जीबी दिसते. ती तुमचीच आहे, वाकडं काही झालेलं नाही. मग ‘सिलेक्ट व्हॉल्यूम 3’, आणि लगेच पुन्हा ‘लिस्ट व्हॉल्यूम’: निवडलेल्या ओळीपुढे चांदणी (*) दिसली पाहिजे. त्यानंतरच ‘असाइन लेटर=पी’. (कमांड टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.) ही दुसरी ‘लिस्ट’ वगळू नका. सारख्या साइजच्या दोन डिस्क असल्या की चूक इथेच होते, आणि याच खिडकीत ‘क्लीन’ नावाची कमांड आहे, जी निवडलेल्या डिस्कचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची नोंद) काही न विचारता उडवते. एका अक्षरासाठी एवढी धार हातात घ्यायचं कारण नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. डिस्क मॅनेजमेंट ‘कनेक्टिंग टू व्हर्च्युअल डिस्क सर्व्हिस’वर अडकलं तर अनेक जण डिस्कपार्टकडे वळतात. दोन्ही त्याच सर्व्हिसवर उभी आहेत, त्यामुळे बहुधा तेही अडकतं. आधी सगळ्या यूएसबी वस्तू काढून बघा. नाहीच जमलं तर माउंटव्हॉल कमांड वापरा, तिला ती सर्व्हिस लागत नाही. नुसतं ‘माउंटव्हॉल’ टाकलं की प्रत्येक व्हॉल्यूमचं लांबलचक नाव येतं, ते कॉपी करून ‘माउंटव्हॉल पी:’च्या पुढे चिकटवायचं. ‘माउंटव्हॉल /आर’ जुन्या, आता न जोडलेल्या डिस्कच्या नोंदी झाडून टाकते. ती चालवण्याआधी वापरातल्या सगळ्या डिस्क जोडून घ्या, नाहीतर त्यांची अक्षरंही केरात जातील.

अक्षरच नको असेल तर

डिस्क पीसीतच कायम राहणार असेल तर फोल्डर माउंटचा विचार करा. लोक याकडे उगाच दुर्लक्ष करतात. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) ड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करा, उदाहरणार्थ सी:\फोटो. डिस्क मॅनेजमेंटच्या त्याच खिडकीत ‘अ‍ॅड’ दाबून ‘माउंट इन द फॉलोइंग एम्प्टी एनटीएफएस फोल्डर’ निवडा. नवी डिस्क त्या फोल्डरमध्ये उघडते आणि अक्षराची भानगडच राहत नाही. तोटे दोन: काही इन्स्टॉलर जागा मोजताना सीची मोजतात आणि जागा नाही म्हणून परत फिरतात, काही बॅकअप प्रोग्राम माउंट केलेल्या फोल्डरच्या आत शिरतच नाहीत. हा माउंट काढायचा तर त्याच खिडकीतल्या ‘रिमूव्ह’ने काढा. एक्स्प्लोररमधून फोल्डर डिलीट करायला जाऊ नका.

सबस्ट ही कमांड वेगळ्या कामाची. ते व्हॉल्यूमला नाही, फोल्डरला अक्षर देतं, आणि रीस्टार्ट झाला की ते अक्षर गायब. शिवाय साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये केलेलं सबस्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत दिसत नाही, यात भलेभले अडकतात. पण डी चुकून पी झाला आणि टॅलीचा डेटा पाथ अजून डीवरच बघतोय, अशा वेळी ‘सबस्ट डी: पी:\’ने दिवस निभावतो. संध्याकाळी अक्षर नाहीतर पाथ नीट करा.

ज्या ड्राइव्हवरून विंडोज चालतं तो सी, आणि ज्यावर पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) आहे तो ड्राइव्ह, यांचं अक्षर या कोणत्याही वाटेने बदलायला जाऊ नका. पेजिंग फाइल आधी दुसरीकडे हलवता येते; सीचा नाद सोडा. ज्या ड्राइव्हवर प्रोग्राम इन्स्टॉल केलेत त्याचंही अक्षर तसंच ठेवा, कारण शॉर्टकट आणि रजिस्ट्री दोन्हीकडे जुना पाथ कोरलेला असतो.

राहिले पेनड्राइव्ह. स्वस्तातल्या काहींना वेगळा सीरियल नंबरच नसतो, त्यामुळे पोर्ट बदलला की विंडोजला तो नवाच पाहुणा वाटतो आणि पक्कं केलेलं अक्षर टिकत नाही. तिथे अक्षराच्या मागे लागण्यापेक्षा लेबल धरा: पॉवरशेलमधली (विंडोजची कमांड आणि स्क्रिप्टची खिडकी) ‘गेट-व्हॉल्यूम’ ही कमांड लेबलवरून ड्राइव्ह शोधून त्याचं आजचं अक्षर स्क्रिप्टला देते. लेबल एक्सफॅटवर (पेनड्राइव्हवर वापरली जाणारी फाइल सिस्टिम) 11 अक्षरांत बसवावं लागतं, एनटीएफएसवर 32. दोन पेनड्राइव्हना एकच लेबल ठेवलंत तर स्क्रिप्टला दोन उत्तरं मिळतील, तेवढं सांभाळा.