सांगलीत सप्लिमेंट कुठून घ्यायची? आठ महिने वापरून आलेला अनुभव

मी विश्रामबागला राहतो. दिवाळीनंतर जिम लावली, तेव्हापासून माझ्यासाठी व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आणि क्रिएटिन (व्यायामात ताकदीसाठी घेतात ती पावडर), आणि आईसाठी (वय ६४, थायरॉईडची गोळी चालू) कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी३, असं दर महिन्याला काही ना काही घ्यावं लागतंय. जिमचा ट्रेनर, मोठं शॉपिंग अ‍ॅप, कंपनीची स्वतःची वेबसाइट आणि मिरज रोडचं मेडिकल, चारही ठिकाणांहून घेऊन झालं. ब्रँड कुठला चांगला ते सगळेच सांगतात, पण डबा कुणाच्या हातून आपल्या घरात येतोय हे कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

पहिला किलो ट्रेनरकडून घेतला. माणूस चांगला आहे, व्यायाम मनापासून शिकवतो, पण बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, आपल्यात बिल कशाला?" डबा इम्पोर्टेड होता आणि त्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, लायसन नंबर काहीच नव्हतं. बाहेरून कायदेशीर आलेल्या डब्यावर हा स्टिकर लागतोच, आणि एफएसएसएआयचा (खाण्याच्या वस्तूंना लायसन देणारी सरकारी संस्था) लायसन नंबर १४ आकडी असतो, तो त्यांच्या फॉसकॉस (FoSCoS) साइटवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं. मी तो डबा अर्धा वापरून ठेवून दिला.

मग अ‍ॅप. चारशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून खूश होतो. डबा उघडताना झाकणाखालचं सील एका बाजूला वर आलेलं दिसलं, खाली गोंदाचा पिवळा डाग, आणि डबा खरा आहे का ते बघायचा कोड स्क्रॅच करून टाकला तर हा कोड आधीच वापरलाय असा मेसेज आला. परत जाऊन पेज नीट बघितलं तर ब्रँडचं नाव वर मोठं, आणि खाली बारीक अक्षरात सेलर म्हणून भलतंच नाव. एकाच पेजवर चार-पाच सेलर असतात आणि आपण बघतच नाही. उघडताना व्हिडिओ काढला होता म्हणून पैसे परत मिळाले, तरी तीन फोन आणि अकरा दिवस गेले.

व्हे आणि क्रिएटिन मी आता कंपनीच्या वेबसाइटवरूनच घेतो. चार-पाच दिवस लागतात, डिस्काउंट कमी, पण बॅच नंबर टाकला की त्या बॅचचा लॅब रिपोर्ट उघडतो. रिपोर्टमध्ये काय बघायचं ते पण सांगतो. साध्या टेस्टमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढतात, त्यामुळं ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो अ‍ॅसिड वरून मिसळली की कागदावर आकडा फुगतो. म्हणून घटकांच्या यादीत ही वेगळी लिहिलीत का ते बघा आणि अमिनो प्रोफाइल, म्हणजे कुठलं अमिनो किती आहे त्याचा तक्ता, दिलंय का ते बघा. क्रिएटिनचं जास्त डोकं लावू नका, साधं मोनोहायड्रेट, फ्लेवर नसलेलं, रोज ३ ते ५ ग्रॅम, झालं.

फिश ऑइल मात्र उन्हाळ्यात ऑनलाइन अजिबात मागवू नका. एप्रिलमध्ये मागवलं तर सगळ्या कॅप्सूल एकमेकीला चिकटून गोळा झालेला, आणि वास असला की आईनं डबा गॅलरीत नेऊन ठेवला.

आता मेडिकल. आईचं कॅल्शियम आधी मी अ‍ॅपवरूनच आणत होतो आणि ती थायरॉईडच्या गोळीबरोबर सकाळीच घेऊन मोकळी व्हायची. फेब्रुवारीत ऑर्डर लांबली म्हणून मिरज रोडच्या मेडिकलमध्ये गेलो तर काउंटरवरच्या मॅडमनी बाटली हातात धरूनच विचारलं, "कुणासाठी? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" थायरॉईड म्हटल्यावर म्हणाल्या, "मग दोन्हीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगा आईंना, नाहीतर कॅल्शियममुळं ती गोळी अंगाला लागत नाही." तेव्हा आईचा टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, गोळी कमी पडली की वाढतो) वाढलेला होता आणि गोळीचा डोस वाढवायचा का असं चाललं होतं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे, आधी वेळ बदलून बघू. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर केलं, दोन महिन्यांनी टेस्ट केली तर टीएसएच नॉर्मलमध्ये, डोस होता तोच. मला अजून वाईट वाटतं की एवढे महिने मी स्वतः तिला चुकीच्या वेळी देत होतो.

त्याच मॅडमनी डी३ ची ६०,००० युनिटची पाकिटं चिठ्ठीशिवाय द्यायला नकार दिला. ती बहुतेक आठवड्याला एक अशी ठराविक आठवडेच असतात, रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. अ‍ॅपवर हे कोण विचारणार?

किंमत म्हणाल तर मेडिकलमध्ये जवळपास एमआरपीच लागते. परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात कॅल्शियम-डी३ च्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, फक्त स्टॉक आहे का ते फोन करून जा आणि तिथं पण बाकीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. मी आईच्या सगळ्या गोळ्यांचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, काउंटरवर गेलो की पहिला तो दाखवतो.